यात्रेच्या पंगतीत गावची आंबील हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चैत्र लागला की आपल्या बेळगाव भागात यात्रा, लग्नं, वास्तुशांती यांची रांग लागते. खानापूर तालुक्यातल्या काही गावांत तर महालक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांच्या खंडानंतर भरते. मुंबई-पुण्याला, गोव्याला गेलेली माणसं, माहेरवाशिणी, पावणेरावळे सगळे गोळा होतात आणि हजारोंच्या पंगती उठतात. मी अंगणवाडीत नोकरी केली, त्यामुळे माझं लक्ष आधी पोरांच्या पानाकडे जातं. देवीच्या नावानं वाढलेलं अन्न खाऊन कुणाचं लेकरू सलाईनवर पडू नये, या तळमळीनं हे पत्र लिहिते आहे.

महाप्रसादाचा भात पहाटेच उतरतो. आरती, सत्कार, पुढाऱ्यांची भाषणं होईतो पंगत बसायला एक-दीड वाजतो आणि शेवटची पंगत उठते चारच्या पुढे. तोवर भात ताडपत्रीवर ढीग करून, वर ओलं कापड टाकून ठेवलेला असतो. वरून गार दिसतो, आत हात घातला तर कोमट लागतो. धोका त्या कोमटपणातच आहे. कच्च्या तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूची सुप्त बीजं असतात आणि ती भात शिजला तरी मरत नाहीत. ढिगाच्या उबेत ती जागी होतात, वाढतात आणि विष तयार करतात. तो भात पुन्हा वाफवला तरी हे विष जात नाही. वाढप्याच्या बोटाला चिरलेली, पिकलेली जखम असेल तर स्टॅफिलोकोकस हा दुसरा जिवाणू अन्नात उतरतो आणि त्याचंही विष उकळीला दाद देत नाही. म्हणून "एक उकळी आणली की झालं" हे आचाऱ्यांचं नेहमीचं उत्तर खरं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं सुरक्षित अन्नाची पाच साधी सूत्रं २००१ सालीच सांगितली आहेत. त्यातलं आपल्या कामाचं असं की शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसंच बाहेर ठेवू नये. ठेवायचंच तर ६० अंशांच्या वर कढत ठेवावं. अथणी-चिकोडीकडच्या वैशाखातल्या उन्हात तर दोन तासही जास्तच म्हणायचे. यावर इलाज खर्चाचा नाही. सगळा भात पहाटे एकदम उतरवू नये. दोन पंगतींपुरता शिजवावा, ती माणसं बसली की पुढचं आधण ठेवावं. आचारी कुरकुरतील, एक जास्तीची चूल आणि चार माणसं लागतील. पण कमिटी मंडपाच्या रोषणाईवर जो खर्च करते, त्यापुढे ही रक्कम काहीच नाही. आणि भाषणं जेवणानंतर ठेवावीत, हे मी मुद्दाम लिहिते.

उरलेल्या प्रसादाचा प्रश्न नाजूक आहे. प्रसाद टाकवत नाही, म्हणून संध्याकाळी डबे भरभरून घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांना तेच मिळतं. श्रद्धेला कुणी बोल लावत नाही. पण मोजून शिजवलं तर उरणार नाही, आणि उरलंच तर ते ताजं असतानाच आजारी-म्हाताऱ्यांच्या घरी पोचवता येईल.

आता पाणी आणि बर्फ. मे महिन्यात विहिरींचा तळ दिसतो, टँकर मागवला जातो आणि त्याचं पाणी जसं आलं तसं पिंपात ओततात. सरबत गार करायला लादी येते ती बहुधा मासळी आणि यंत्रं गार करण्यासाठी बनवलेल्या बर्फाची. गोठलं म्हणून पाणी शुद्ध होत नाही. शेजारी महाराष्ट्रात २०१८ साली खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळसर रंग घालायचा नियम केला, म्हणजे गिऱ्हाइकाला नुसत्या नजरेनं ओळखता यावं. आपल्याकडे तशी खूण ठेवायला काय हरकत आहे? कर्नाटक सरकारनं मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरीतले कृत्रिम रंग आणि गुलाबी कापूस मिठाईतला रोडामिन-बी हा रंग यांवर बंदी घातली, ते उत्तम केलं. यात्रेतल्या गाड्यांवर ती बंदी पाळली जाते का, हे अधिकाऱ्यांनी यात्रेच्याच दिवशी येऊन पाहायला हवं.

बर्फाच्या सरबताऐवजी काय, असं विचारलं तर माझं उत्तर आहे आंबील. नाचणीचं पीठ रात्री भिजवून आंबवायचं, सकाळी खळखळ शिजवायचं, निवलं की ताजं ताक, मीठ, जिरं आणि ठेचलेला लसूण घालायचा. आंबटपणामुळे बरेच जंतू तिच्यात सहजी वाढत नाहीत. अट एकच, वरून कच्चं पाणी किंवा लादीचा बर्फ पडता कामा नये. पडला तर आंबिलीचाही उपयोग नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पॉलिशच्या तांदळात दहाच्या आसपास. जिथं ताक पुरत नाही तिथं आमसुलाचं सरबत आहे. पण नाचणी म्हणजे गरिबाघरचं खाणं, पावण्यांपुढे कसं ठेवायचं, असं अजूनही बोललं जातं, आणि याचंच मला फार वाईट वाटतं. ज्या धान्यावर आपल्या आज्या-पणज्यांनी भातखाचरं कसली, त्याची लाज कसली?

पोरांच्या बाबतीत तर हे आणखी महत्त्वाचं आहे. शाळा चालू असताना त्यांना दुपारचं जेवण, दूध, अंडं किंवा केळं मिळतं. २०२४ पासून दुधात रागी माल्टही, म्हणजे नाचणीचंच पीठ, आला. एप्रिल-मेच्या सुट्टीत हे सगळं थांबतं. २०२४ च्या दुष्काळात सरकारनं सुट्टीतही शाळेत जेवण दिलं होतं, ते दरवर्षी का नको? याच दिवसांत आपल्या माळावर करवंदं, जांभळं, काजूची बोंडं, फणस यांची रेलचेल असते. पण बायका डोक्यावर पाट्या घेऊन ती बेळगावच्या बाजारात विकतात आणि परतताना त्यातल्याच पैशांतून पोरांसाठी रंगीत बर्फाच्या कांड्या घेतात. विकू नका असं कोण म्हणेल, तोच त्यांचा हंगाम. एक ओंजळ घरच्या लेकरांसाठी आधी काढून ठेवा, एवढंच सांगणं आहे.

आंबिलीचं काम गावच्या स्त्रीशक्ती गटांना, म्हणजे बायकांच्या बचत गटांना, द्यावं. पीठ त्यांच्याकडून घ्यावं, रांधण्याची मजुरी द्यावी, नाचणी गावच्याच शेतकऱ्याची असावी. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनुसार धार्मिक वा सामाजिक समारंभात अन्न वाटणाऱ्यांनीही नोंदणी करायची असते, हे किती कमिट्यांना ठाऊक आहे? या सूचनांची पत्रकं कन्नडबरोबर मराठीतही निघावीत. चुलीपुढे बसणाऱ्या आमच्या बायांना जे वाचता येतं, तेच त्या पाळू शकतील.

यात्रा कमिट्यांना माझी विनंती आहे की पुढचा अंदाजखर्च मांडताना दुसरी चूल, उकळलेलं पाणी आणि आंबील यांसाठी वेगळी रक्कम धरावी. आणि आपल्या दैनिकाला विनंती ही की यात्रेच्या बातमीत किती हजार लोक जेवले हे छापता, तसंच जेवण किती वाजता शिजलं आणि पाणी कुठलं होतं, हेही बातमीदारांनी विचारून छापावं.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. खानापूर, जि. बेळगाव