बास वाजवणाऱ्यांबद्दलही लिहा

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गायकांवर पानंच्या पानं येतात, छानच आहे, पण मागे उभं राहून गाणं तोलून धरणाऱ्या बास गिटारवाल्यावर कधी दोन ओळी दिसत नाहीत.

जेम्स जेमरसनचंच घ्या. साठच्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या ढीगभर हिट गाण्यांवर बास याचाच, उजव्या हाताच्या फक्त एका बोटानं वाजवायचा आणि तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही, म्हणून तो जाड गोल आवाज, हेडफोन लावून ऐका, गायकाच्या खाली दुसरंच गाणं चाललंय असं वाटतं. आणि रेकॉर्डवर नाव? वर्षानुवर्षं नाहीच, १९७१ मध्ये गायक मार्विन गेच्या अल्बमवर आलं. पुढच्या वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला हलली, हा पण मागोमाग गेला पण काम कमी होत गेलं, दारू होतीच, १९८३ ला ४७व्या वर्षी माणूस गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे तिकडच्या नामवंत संगीतकारांच्या मानाच्या यादीत, घेतलं ते २००० साली, काय उपयोग? चीड येते हो.

आपल्या मुंबईची मोहिनी डे आज जगभर बास वाजवतेय, निदान तिच्यावर तरी एक सविस्तर लेख द्या, आत्ताच.

– एक नियमित वाचक, ठाणे