गोधडी शिबिरात मावशींना शिकवूच दिले नाही: फी परत मिळणेबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
निवासी गोधडी शिबिर विभाग

विषय: जाहिरातीप्रमाणे न शिकवणे, न विचारता लुगडे कापणे व मावशींचे मानधन याबाबत तक्रार.

महोदय,

गेल्या शनिवार-रविवारी मुळशीजवळ झालेल्या आपल्या शिबिराला मी आले होते. 'गावातल्या जाणत्या बायकांकडून हातशिलाईची गोधडी शिका, घरची जुनी लुगडी आणा' ही जाहिरात वाचून मी 7,500 रुपये भरले. पावती सोबत जोडली आहे. खोली, जेवण उत्तम होते, त्याबद्दल काहीच म्हणणे नाही.

जाहिरातीच्या फोटोतल्या दोन्ही मावशी आल्या होत्या. पण शनिवारभर त्यांना कापडाला इस्त्री करायला आणि सुया ओवून द्यायला बसवले. शिकवत होत्या आपल्या प्रशिक्षक, आणि त्या शिकवत होत्या अमेरिकन पद्धतीचे क्विल्टिंग: कापडाचे चौकोन जोडून वरचा थर, मध्ये पॉलिस्टरचे वॅडिंग (भरावाचा मऊ थर), मधून सुरुवात करून कडेकडे शिलाई. ती पद्धत चांगलीच आहे. वॅडिंगमधली सुरकुती बाहेर ढकलत न्यायची, म्हणून मधून सुरुवात करतात. पण आम्ही गोधडी शिकायला आलो होतो. गोधडीच्या पोटात जुन्या सुती कापडाचे थर असतात, ती जमिनीवर अंथरून शिवतात. आपण दिलेल्या अरुंद टेबलांवरून आमची कापडे खाली लोंबत होती, थर सरकत होते आणि खालून चुण्या पडत होत्या. मावशींनी हे दोनदा सांगितले, तरी कोणी ऐकले नाही.

सासूबाईंचे इरकल लुगडे मी गोधडीच्या वरच्या थराला अख्खे लावायचे म्हणून आणले होते. मी जेवायला गेले असताना मदतनिसांनी रोटरी कटरने त्याचे चौकोन पाडले. काठ कचऱ्याच्या टोपलीत सापडला. याची भरपाई पैशांत होणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण निदान एका शब्दाने विचारायला हवे होते.

रविवारी चहानंतर थोरल्या मावशींनी आपणहून व्हरांड्यात सतरंजी घातली. त्यावर लुगडी अंथरली, कडा ताणल्या, एका कोपऱ्यावर गुडघा रोवला आणि कडेने धावदोरा घालायला घेतला. कडेने चौफेर फिरत आत आत मध्याकडे यायचे. उजवा हात टाके घालतो, डावा हात पुढे सरकत पोटातली सुरकुती चाचपून सरळ करतो. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, अशीच कडेकडून आत शिवतात, आणि कोपऱ्यांना कापडाची फुले लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाहीत. आदल्या रात्री पडद्यावर आपण कवंदीचे फोटो दाखवलेत, त्यात यातले अक्षरही नव्हते. आम्ही सगळ्याजणी मावशींभोवती बसलो, हात जरा वळायला लागला, तेवढ्यात ग्रुप फोटोसाठी उठवले. मावशींच्या हातात तयार गोधडी दिली, फोटो काढला आणि शिबिर संपले.

येण्याजाण्याचे भाडे आणि जेवण सोडून आपल्याला काही मिळाले नाही, असे धाकट्या मावशींनी मला सांगितले. हे खरे असेल तर फार वाईट आहे. ज्यांच्या चेहऱ्यावर आपण फी गोळा करता, त्यांना प्रशिक्षकाचे मानधन मिळालेच पाहिजे. त्यांना किती दिले, याचा लेखी खुलासा करावा आणि दिले नसेल तर ताबडतोब द्यावे.

मला पूर्ण फी परत हवी आहे. लुगड्याचे तुकडे आपल्याकडे राहिले आहेत, तेही काठासकट परत पाठवावेत. पुढच्या शिबिराच्या जाहिरातीत पुन्हा याच मावशींचा फोटो आहे. त्या शिकवणार नसतील तर तो काढून टाकावा.

कबूल केलेली सेवा न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटी आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्कही लागत नाही. त्या दिवशी बरोबर असलेल्या आणखी काहीजणी माझ्यासोबत सही करायला तयार आहेत.

कळावे,
शिबिरातील एक सहभागी, पुणे

सोबत: पावती, जाहिरातीची प्रत, कापलेल्या लुगड्याचे फोटो