न उचललेल्या फोनचा खुलासा

ता. राळेगाव, जि. यवतमाळ
दि. ४ मार्च

प्रिय मित्र भास्कर यास,
सप्रेम नमस्कार.

गेले दोन रविवार मी तुझा फोन उचलला नाही आणि परवा आईने उचलून "तो बोलत नाही" एवढेच सांगून ठेवून दिला, म्हणून तू रागावला असशील. आईचे म्हणणे अक्षरशः खरे होते. माझ्या डाव्या स्वरतंतूवर वाढलेली गाठ फेब्रुवारीत सेवाग्रामच्या रुग्णालयात काढली. अजूनही मला मोजकेच बोलण्याची मुभा आहे, म्हणून हे पत्र.

सुरुवात डिसेंबरात झाली. हरभऱ्याच्या जागलीला मी एकटाच होतो आणि मध्यरात्री नाल्याकडून रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप शिरला. फटाके संपलेले, बॅटरी मंदावलेली, तेव्हा थंड वाऱ्यात धुऱ्यावरून धावत मी तासभर जिवाच्या आकांताने ओरडलो. सकाळी आवाज फाटला होता. तरीही त्या दिवशी चौथीचा वर्ग घेतला आणि गुरुवारी खंजिरी भजनात वरची पट्टीही लावली, हा माझा शहाणपणा. पुढे तालुक्याच्या एका डॉक्टरांनी घशात न डोकावताच दोनदा गोळ्या दिल्या. गल्लीतल्या प्रत्येकाने जेष्ठमध, हळददूध आणि मिठाच्या गुळण्या सुचवल्या व मी सर्व केले. पुढे सेवाग्रामला कळले की गुळणीचे पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचतच नाही, कारण ते श्वासाच्या वाटेवर असतात. गिळलेले काही तिकडे गेलेच, तर ठसका लागून बाहेर फेकले जाते. पोहोचते ती फक्त वाफ.

असे सात आठवडे गेले. दोष सगळा त्या डॉक्टरांवर टाकणार नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडून मला सहा वर्षे झाली असली तरी त्याआधीची पंधरा वर्षे मनात ठाण मांडून होती, आणि कोणी तो एक शब्द उच्चारू नये म्हणून मीच दवाखान्याची वाट टाळत होतो. रात्री आरशासमोर बॅटरी धरून घसा पाहायचो, तर पडजिभेपलीकडे काही दिसत नसे. हे सांगितल्यावर सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या आधी गार्सिया नावाच्या एका गायनशिक्षकाने १८५४ मध्ये दोन आरसे आणि उन्हाची तिरीप वापरून स्वतःचे स्वरतंतू पाहिले होते, तुमचा एक आरसा कमी पडला." मास्तर माणसाचा मान राखून बोलल्या, बरे वाटले.

त्यांनी नाकातून बारीक नळी घालून पडद्यावर दाखवले. बैलबंडीच्या दोन दांड्या जुवाकडे जुळत जाव्यात तशा दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि डावीच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढा लालसर फुगा. पुरुष बोलतो तेव्हा या पट्ट्या सेकंदाला १०० हून अधिक वेळा एकमेकींना भिडतात. त्या रात्री ओरडताना एक बारीक रक्तवाहिनी फुटली, रक्त साकळले, आणि त्यावर बोलत राहिल्याने त्याचा पॉलिप, म्हणजे मऊ गाठ, झाला. मध्ये तो दाणा आल्यामुळे पट्ट्या पूर्ण मिटत नाहीत, वारा गळतो आणि आवाज घोगरा येतो. शिक्षकांना दोन्ही बाजूंनी ज्या घट्ट्यांसारख्या गाठी येतात, त्या बहुधा आवाजाच्या व्यायामाने जिरतात. माझी तशी नव्हती.

शस्त्रक्रियेबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण मी भुलीत होतो. तोंडातून नळी घालून सूक्ष्मदर्शकाखाली गाठ काढतात, बाहेर टाकाही पडत नाही. जीभ मात्र काही दिवस बधिर होती. गाठ तपासणीला गेली आणि अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांतले सात पूर्ण मौनाचे होते, म्हणजे भीती वाटते हेही कोणाला सांगता येत नव्हते. अहवालात कर्करोग नाही.

मौनात कुजबुजही चालत नाही, खाकरणेही नाही. दोन्हींनी जखमेवर ताण येतो. शाळेतली पाटी घरी आणली होती, परंतु आईला वाचता येत नाही, हे मला पाटी तिच्यासमोर धरल्यावर आठवले. पन्नाशीच्या मास्तराला याची लाज वाटावी, तशी वाटली. मग तिनेच खुंटीवरची खंजिरी माझ्या हाती दिली. एक थाप म्हणजे पाणी, दोन म्हणजे जेवण, आणि नुसती झांज खुळखुळली की "काही नाही, सहज". ती तिसरी खूणच मी जास्त वापरली. बैलांना मात्र यातले काही पटले नाही. माझ्या हाकेवाचून ढवळ्या आठवडाभर जुवाखाली येईना.

आता काचेच्या ग्लासात पाणी घेऊन नळीतून बुडबुडे काढत "ऊ" म्हणण्याचा व्यायाम रोज करतो. वर्गातली पोरे पाहून खिदळतात आणि घरी जाऊन तेच करतात.

भास्कर, पत्राचे खरे कारण पुढेच आहे. दिवाळीत तू हिंगणघाटहून फोन केलास तेव्हा तुझा आवाज बसलेला होता आणि लिलावात ओरडून तसा झाला असे तू म्हणालास. संक्रांतीलाही तो तसाच होता. तुझ्या खिशात खर्रा आहे, हे मला माहीत आहे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर घसा आतून पाहिलाच पाहिजे, आणि तंबाखू खाणाऱ्याने तर मुळीच थांबू नये, असे मला बाईंनी दोनदा बजावले. तुझे चार महिने झाले. तुला काही झाले आहे असे मी म्हणत नाही. मी सात आठवडे कसा टाळत होतो तेवढे मला ठाऊक आहे.

१८ तारखेला मला पुन्हा सेवाग्रामला दाखवायला जायचे आहे. तू पहिल्या गाडीने वर्ध्याला उतर, मी स्थानकावर थांबतो. रुग्णालयात तपासणीची चिठ्ठी काढण्याची रांग लांब असते. आधारकार्ड आण. वहिनींना इतक्यात सांगायचे नसेल, तर सातबाऱ्याच्या कामाला जातो म्हण. रांगेत बोलायचे तुलाच आहे, मी पाटी घेऊन येईन.

तुझाच,
सुधाकर