सिलिकॉनची ट्यूब बाजूला ठेव

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय बाळ्या,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, त्याचं वाईट वाटतंय. तब्येत बरी आहे. काल फोनवर गाडी चालू करून ऐकवलीस, तो सूं-सूं आवाज डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

काकांच्या ॲम्बेसेडरला जोड कार्ब्युरेटरचा इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारं मॅनिफोल्ड) बसवलास, चांगलं केलंस. हेच १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन एमजीए गाडीत दोन एसयू कार्ब्युरेटरवर चालायचं. पण तुझ्या इनटेकचा हेडजवळचा सांधा बाहेरची हवा ओढतोय गा. पेट्रोल कमी, हवा जास्त असं मिश्रण पातळ झालं की एक्झॉस्ट वॉल्व्हची कड जळते. अशा गाडीनं चोर्ला घाट चढायचा नाही.

आधी प्लग काढून बघ. या हेडला इनटेकची तोंडं दोनच: पुढचं १ आणि २ सिलिंडरला, मागचं ३ आणि ४ ला. पुढचे दोन प्लग पांढरेफटक आणि मागचे विटकरी निघाले, तर गळती पुढे. मग इंजिन थंड असताना चालू करून इस्त्रीच्या बाटलीनं सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मार. आवाज क्षणभर बदलला की जागा सापडली. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारू नकोस. एक्झॉस्ट त्याच्या खालीच तापत असतो. इनटेकमधली ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज लावलंस तर पुस्तकातल्या आकड्याला अडून बसू नकोस. तो समुद्रसपाटीचा, आपलं बेळगाव ७५० मीटरवर, इथे काटा अडीच इंच कमीच दाखवणार.

माझा संशय पॅकिंगवर नाही, फ्लँजवर, म्हणजे नटाखाली दाबल्या जाणाऱ्या कानांवर आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीचे कान एकाच स्टडवर, एकाच जाड वायसरखाली दाबले जातात. नव्या इनटेकचा कान अर्धा मिलीमीटर जरी पातळ असला, तरी वायसर तिरका बसतो, सगळा दाब एक्झॉस्टवर जातो आणि इनटेक सैल राहतो. नट कितीही आवळ, तो सुटलेलाच. व्हर्नियरनं प्रत्येक स्टडजवळ दोन्ही कान मोज. जो जाड, त्याची वायसरकडची बाजू उद्यमबागेत मिलिंगवर उतरवून आण. पॅकिंगकडच्या तोंडावर सरळ पट्टी धरून फटीत फीलर गेज घाल, ०.१० मिलीमीटरची पात आत गेली तर तेही ग्राइंड करून घे.

आणि सिलिकॉन लावू नकोस. इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला (संप) ते ठीक. इथे पेट्रोलनं ते फुगतं, लिबलिबीत होतं आणि तुकडा सुटला तर सरळ इनटेकमधून आत जातो. एक्झॉस्टच्या बाजूला तर जळूनच जातं. जीपला दोन पॅकिंगा घालू नको म्हणून तू माझ्याशी भांडला होतास. तेव्हा तू बरोबर होतास, आणि आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नव्हतो. आता माझं ऐक.

पॅकिंग नवीन, एकच आणि कोरडं. आधी नुसतं स्टडवर अडकवून बघ, त्याची कड तोंडाच्या आत डोकावत असेल तर कापून घे. जुन्याचा कण न् कण खरवडून काढ, पण ॲल्युमिनियमवर लोखंडी पाती नको, ओरखडा म्हणजे नवी गळती. सायलेन्सरच्या डाऊन पाईपचे नट सैल ठेवूनच मॅनिफोल्ड लाव, नाहीतर पाईप त्याला खाली ओढून धरतो. मग मधून बाहेर, ५, १०, १५ फूट-पाउंड अशा तीन फेऱ्यांत आवळ. डाऊन पाईप सगळ्यात शेवटी. एकदा पूर्ण तापवून, रात्रभर थंड होऊ देऊन पुन्हा १५ वर तपास. जास्त जोर लावलास तर स्टड हेडमधून सुटेल. इनटेकवरचं ब्रेकच्या सर्वोसाठीचं भोक रिकामं असेल तर बुच ठोकू नकोस, आटे असलेला प्लग बसव.

पोरीचा दहावीचा निकाल कळला, शाब्बास म्हण तिला. निपाणीत तंबाखूला यंदा काय भाव लागला ते लिही. वहिनींना नमस्कार.

रविवारी पहिल्या एसटीनं येतो. टॉर्क पाना, व्हर्नियर आणि कुंदा आणतोय. तोवर इनटेक काढून कान मोजून ठेव, आकडे खडूनं त्यावरच लिही.

तुझा,
आप्पा