बाबांच्या ओठावरची सूज

ती. आई-बाबांना सा. न.

आई, तू पाठवलेला फोटो पाहिला. बाबांचा खालचा ओठ एकाच बाजूनं टम्म फुगलाय, पण अंगावर एकही गांध नाही, खाज नाही. खरी मेख इथंच आहे. कोणी म्हणे फवारणीची बाधा, कोणी म्हणे पित्त, म्हणून तू गेरू लावलास. गेरूनं बिघडत नाही, पण ही सूजही जात नाही. एव्हिलचं, म्हणजे ॲलर्जीचं, इंजेक्शन घेऊनही रात्रभर तशीच होती ना? अशी सूज दोन-तीन दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय मात्र शेवटच्या इंजेक्शनला मिळतं.

माझा संशय बाबांच्या बीपीच्या गोळीवर, रामिप्रिलवर आहे. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल ही तिचीच भावंडं. या गोळ्यांमुळे शरीरातलं ब्रॅडीकायनिन नावाचं द्रव्य लवकर मोडत नाही. ते साचलं की बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि ओठ, जीभ, कधी घसाही सुजतो. ॲलर्जीची औषधं हिस्टामिनवर, म्हणजे ॲलर्जीत सूज-खाज आणणाऱ्या वेगळ्याच द्रव्यावर चालतात, म्हणून इथं ती फिकी पडतात. "इतकी वर्षं घेतोय, आत्ताच कशी बाधली?" असं बाबा म्हणणारच. बाधते, वर्षांनंतरही.

तेव्हा आजपासून ती गोळी बंद. पण बीपी वाऱ्यावर सोडायचं नाही. आजच तालुक्याला जाऊन डॉक्टरांकडून दुसऱ्या जातीची गोळी लिहून आणा.

ब्रॅडीकायनिनची अशीच सूज घराण्यातूनही येते. आमच्या वॉर्डात एक पोरगा होता. सायकलचं हँडल घट्ट धरलं तरी तळहात सुजायचे, अधूनमधून पोटात मरणाच्या कळा यायच्या, अन् त्याच्या आईचंही तेच. तिचं तर अपेंडिक्ससुद्धा उगाच काढलं होतं. तपासलं तर रक्तातली दोन प्रथिनं कमी: सी-फोर, आणि ब्रॅडीकायनिनला आवर घालणारं सी-वन इनहिबिटर. असा दोष आई किंवा बापात असला की प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी. नेमकं औषध महाग, म्हणून आपल्याकडे बरेचदा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, चढवून निभावतात. हा प्रकार बहुधा पोरवयातच दिसतो, त्यामुळे बाबांना तो असेल असं वाटत नाही. मात्र उतारवयात रक्ताच्या काही आजारांतही हा इनहिबिटर संपत जातो, म्हणून सी-फोर एकदा करूच. नागपूरला आलात की मी सोबत येईन.

जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, थुंकी गिळता येईना, तर एसटीची वाट पाहू नका, लगेच 108 लावा. तिथं ॲड्रेनॅलिन दिलं तर देऊ द्या, पण सूज गोळीची असू शकते हे आधी सांगा. श्वासाची वाट मोकळी ठेवणं सगळ्यांत महत्त्वाचं.

बाबा, गोळीचं रिकामं पाकीट खिशात ठेवा आणि कुठल्याही दवाखान्यात आधी ते दाखवा. नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेली गोळी पुन्हा कधीच घ्यायची नाही. आई, उरलेल्या पट्ट्या बाजूच्या काकांना "तुम्हाले कामी येतील" म्हणून देऊन टाकू नकोस.

तुमची,
मनू