(२, २) च्या रिकाम्या जागेबद्दल आभार

प्रिय ताई,

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र.

त्या रात्री मॅकॉले२ या बीजगणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये बग सापडला म्हणून मी भलताच खुशीत होतो. (४,०), (३,१), (१,३), (०,४) यांच्या बेरजांतून होणारा सेमीग्रुप (या जोड्या हव्या तितक्यांदा मिळवून येणाऱ्या सगळ्या जोड्यांचा संच) घ्यायचा आणि (४,०), (०,४) यांच्या लहान सेमीग्रुपवर त्याचे तुकडे पाडायचे, एवढंच काम. ब्योम, आयझेनबड आणि नित्शे यांच्या मोनोमियलअल्जिब्राज पॅकेजने चार तुकडे लगेच काढून दिले. त्यातल्या एकासमोर (२,२). पण (२,२) तर माझ्या सेमीग्रुपमध्ये नाहीच! तक्रारीची मेल अर्धी लिहूनही झाली होती.

तुम्ही ती वाचलीत, हसला नाहीत (त्याचे वेगळे आभार) आणि आलेखाचा कागद पुढे सरकवलात. "आधी हाताने मांड."

पहिल्या आकड्याला ४ ने भागून उरणाऱ्या बाकीप्रमाणे चार रंग. बाकी ०, ३ आणि १ यांचं काम सरळ होतं: कोपऱ्यातल्या ठिपक्यापासून उजवीकडे किंवा वर चार-चार घरं जात राहा, एकही जागा रिकामी नाही. बाकी २ चा रंग हिरवा. (३,१) दोनदा घेतला की (६,२), (१,३) दोनदा घेतला की (२,६). दोन्ही शेजारी हजर, त्यांच्या पुढचे सगळे हजर, फक्त कोपऱ्यातला (२,२) गैरहजर. सॉफ्टवेअर नेमकं हेच सांगत होतं: (२,२) पासून मोजा, पण निदान एक पाऊल टाकल्यावरच. त्याच ओळीतलं दोन चलांचं आयडियल (ज्यांच्या प्रत्येक पदात निदान एक चल आहे अशा बहुपदींचा संच; एक चल म्हणजे चार घरांचं एक पाऊल) म्हणजे ते 'निदान एक पाऊल'. मी (२,२) तेवढं वाचलं आणि आयडियलवरून नजर तशीच पुढे नेली.

तीन तुकडे फ्री, म्हणजे कोपऱ्यापासून एकही घर रिकामं नसलेले, चौथा नाही, म्हणून या सेमीग्रुपची रिंग (त्याच्या जोड्या घातांक मानून बनणाऱ्या बहुपदी) कोहेन-मॅकॉले नाही; त्यासाठी सगळेच तुकडे फ्री लागतात. हे वाक्य मी परीक्षेत लिहून गुणही मिळवलेत, पण ते कशामुळे खरं आहे ते त्या एका रिकाम्या घरात दिसलं. ज्यांच्या नावाचं हे सॉफ्टवेअर, ते गणिती मॅकॉले लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत कित्येक वर्षं शिक्षक होते, हेही तुम्हीच रंगवता रंगवता सांगितलंत.

मेल अर्थातच पाठवली नाही. तुमचं हिरवं पेन मात्र माझ्याकडेच राहिलंय. सोमवारी आणून देतो.

तुमचा,
पलीकडच्या टेबलावरचा