पोळेतले बेसतू वरस

वडोदरा,
लाभपाचम, विक्रम संवत 2082

प्रिय मित्रास,

साल मुबारक. आम्ही सर्व खुशाल आहोत. आईचे गुडघे दुखतात, तेवढेच. बऱ्याच दिवसांत पत्र नाही म्हणून तू रुसला असशील, पण आजचा मजकूर तुझ्याखेरीज कोणाला लिहिणार? यंदा बेसत्या वरसाला, म्हणजे गुजराती नववर्षाच्या दिवशी, आपल्या पोळेतल्या, या जुन्या गल्लीतल्या थोरल्या आजी मोटीबा यांच्याकडची पाहुण्यांपुढे धरायची मुखवासाची थाळी दुपारपर्यंत भरलेलीच होती.

दिवाळी 20 ऑक्टोबरला झाली आणि बेसतू वरस 22 तारखेला आले. मधला ‘धोको’, म्हणजे दोन्हींतला कोरा दिवस, रिकामा मिळाल्याने निम्मी पोळ त्याच दिवशी सामान बांधून कोणी सोमनाथला, कोणी अबूला निघून गेली. बुधवारी पहाटे अंधारात मिठाची टोपली घेऊन एकच मुलगा ‘सबरस, सबरस’ ओरडत आला. शकुनाचे मीठ घ्यायला पूर्वी दारोदार वाट्या पुढे येत. या वेळी दार उघडले ते मोटीबांचे. त्यांनी मूठभर खडेमीठ पदरात घेतले, त्याला दहाची नोट दिली आणि आसोपालवाचे तोरण सारखे करून त्या उंबऱ्याशी बसल्या.

वडीलधाऱ्यांच्या घरी आधी जायचे, मग वयाच्या क्रमाने बाकीच्यांकडे, हा नियम आपल्याला कोणी शिकवावा लागला नव्हता. आईने पाडव्याचे ओवाळणे उरकले, की आपण चकल्यांचा डबा घेऊन तिकडे धावायचो आणि येताना त्यात मठिया, घूघरा आणि मगस असायचा. गादीखालच्या कोऱ्या नोटांची बोणी मिळे. एका वर्षी तू दोनदा पाया पडून दोन नोटा घेतल्यास; ते तू आजही नाकबूल करतोस, पण मी दाराआडून पाहिले होते. गुढीपाडव्याला हीच मोटीबा आपल्याकडे येऊन कडुलिंबाचा पाला तोंड वाकडे न करता खात असत.

आता मुलांनी ठरवले आहे की होळीपूर्वी घर बंद करून मोटीबांना नव्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये न्यायचे. त्यांचा हेतू वाईट नाही. जिना उंच आहे आणि रात्री सोबतीला कोणी नसते, हे मलाही दिसते. तरीही मला झोप लागत नाही, कारण त्या दारापासूनच आपल्या पोळेचे वर्ष सुरू होत आले आहे आणि ते दार लागल्यावर उरलेले लोक पहिल्यांदा कोणाकडे जाणार, हे कोणालाच सांगता येत नाही. दिव्याच्या चित्राखाली ‘नूतन वर्षाभिनंदन’ लिहून फोनवर पाठवणाऱ्यांचा मला राग नाही, परंतु पाया पडताना डोक्यावर येणारा हात त्यात नाही, आणि माझ्या मते बेसतू वरस म्हणजे तो हातच. वर्षभराचा अबोला त्या एका सकाळी मिटलेला आपण किती वेळा पाहिला! तुझ्या बाबांचे आणि वरच्या मजल्यावरच्या काकांचे पाण्याच्या नळावरून बिनसले होते, तेही मोटीबांच्याच ओट्यावर मिटले.

नातू दुकानाचा हिशेब संगणकावर ठेवतो, पण दिवाळीच्या संध्याकाळी त्याने लाल चोपडा आणला आणि मोटीबांनी पहिल्या पानावर एकाखाली एक वाढत जाणारे ‘श्री’ स्वतः लिहिले. हात कापत होता, ओळ मात्र सरळ आली. आज सकाळी लाभपाचमेचा मुहूर्त करून दुकान उघडले, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतले आणि तुझी चौकशी केली.

तुझी बदली, वहिनींची परीक्षा, चिरंजीवांचे दात, सगळे सविस्तर कळव. त्याआधी मोटीबांना फोन कर. देवदिवाळीपर्यंत, म्हणजे इकडे कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, साल मुबारक म्हणता येते. सकाळी दहानंतर कर, उजव्या कानाने ऐकू येते म्हणून नातवाला फोन त्या बाजूला धरायला सांग, आणि होळीच्या आधी दोन दिवसांची रजा काढून ये. त्यांचे सामान बांधायला आपण दोघे असलो पाहिजे.

तुझा,
पोळेतला सोबती